कजो लुईस

कजो लुईस (मूळ नाव: ओलुआले कोसोला, जन्म: इ.स. १८४१ च्या सुमारास. मृत्यू: १७ जुलै, इ.स. १९३५) हे अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या आफ्रिकाटाउन या वस्तीच्या संस्थापकांपैकी एक होते.

जीवन
कोसोला यांचा जन्म पश्चिम आफ्रिकेत, आजच्या बेनिन देशाच्या परिसरात झाला. इ.स. १८६० मध्ये दाहोमीच्या सैन्याने त्यांच्या गावावर हल्ला करून त्यांना पकडले आणि विदा बंदरातील कोठडीत डांबले. अमेरिकेत गुलामांच्या आयातीवर इ.स. १८०८ पासून बंदी होती. तरीही टिमथी मेहर या धनिकाने पाठवलेल्या क्लोटिल्डा जहाजाच्या कप्तानाने त्यांना व इतर सुमारे ११० जणांना विकत घेतले. जुलै १८६० मध्ये मोबील येथे बंदिवानांना उतरवल्यावर पुरावा नष्ट करण्यासाठी जहाज जाळण्यात आले. कोसोला मेहरच्या भावाकडे पाच वर्षे गुलाम म्हणून राबले.

आफ्रिकाटाउन
इ.स. १८६५ मध्ये मुक्त झाल्यावर या सर्वांना मायदेशी परतायचे होते. परंतु प्रवासापुरते पैसे जमेनात. मेहरने त्यांना विनामूल्य जमीन देण्यास नकार दिला. तेव्हा त्यांनी मजुरीतून पैसे साठवून जमिनी विकत घेतल्या. कोसोला यांनी इ.स. १८७२ मध्ये १०० डॉलरला सुमारे दोन एकर जमीन घेतली. वस्तीने आपला प्रमुख व न्यायनिवाडा करणारे निवडले, चर्च व शाळा उभारली आणि मातृभाषा जपली.

कोसोला व त्यांच्या पत्नी अबिले यांनी आपल्या सहाही अपत्यांना आफ्रिकी व अमेरिकी अशी दोन-दोन नावे ठेवली. ही सर्व अपत्ये वडिलांच्या हयातीतच निवर्तली. इ.स. १९०२ मध्ये रेल्वेच्या धडकेत कोसोला जखमी झाले. ज्यूरीने मंजूर केलेली भरपाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. कष्टाची कामे झेपेनाशी झाल्याने चर्चने त्यांना देखभालीचे काम दिले.

वारसा
लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी इ.स. १९२७-२८ मध्ये त्यांच्या मुलाखती घेतल्या. छायाचित्रासाठी त्यांनी उत्तम पोशाख केला, पण आफ्रिकेत असल्याप्रमाणे दिसावे म्हणून पायांतील जोडे काढून ठेवले. मुलाखतींवर आधारित 'बॅराकून' हे पुस्तक इ.स. २०१८ मध्ये प्रकाशित झाले. इ.स. २०१९ मध्ये क्लोटिल्डाचे अवशेष सापडल्याची घोषणा झाली. इ.स. २०२३ मध्ये आफ्रिकाटाउनमध्ये या इतिहासाचे संग्रहालय सुरू झाले. संस्थापकांचे अनेक वंशज आजही या परिसरात राहतात.