एडिसन यांची शिशाविना बॅटरी

थॉमस अल्वा एडिसन म्हटले की आठवतो विजेचा दिवा. त्यांच्या आयुष्यातली जवळजवळ दहा वर्षे मात्र एका बॅटरीने खाल्ली. ती गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

विसावे शतक उजाडले तेव्हा १८४७ साली जन्मलेले एडिसन पन्नाशी ओलांडून गेले होते. अमेरिकेच्या रस्त्यांवर तेव्हा पेट्रोलच्या गाड्यांबरोबर विजेच्या गाड्याही धावत. त्यांत शिसे आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या जड बॅटऱ्या असत, ज्या चालता चालता स्वतःलाच आतून पोखरत. एडिसन यांचा राग त्या वजनावर आणि झिजण्यावर होता. वैद्यकाचा राग वेगळा आहे. शिसे शरीरात साठत जाते. पोटात कळा, रक्तक्षय, मनगट लुळे पडणे हे कामगारांच्या वाट्याला येते, लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या आसपास हे आजही घडते.

वेस्ट ऑरेंज येथील प्रयोगशाळेत हजारो मिश्रणे करून पाहिल्यावर एडिसन यांनी निकेल आणि लोखंडाची जोडी पक्की केली. अ‍ॅसिडच्या जागी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे अल्कधर्मी द्रावण आले. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हाही त्याच वाटेने चालला होता, आणि निकेल-कॅडमियम बॅटरी ही त्याची देणगी. कॅडमियम मूत्रपिंडे बिघडवते, हाडे ठिसूळ करते. त्या मानाने एडिसन यांची निवड बरीच सौम्य. निकेल अगदीच निरुपद्रवी नाही, त्याची धूळ फुफ्फुसांना घातकच. पण शिसेही नाही आणि कॅडमियमही नाही, हे थोडके नव्हे.

मोठा गाजावाजा करून बॅटरी बाजारात आली आणि डबे गळू लागले. साठवणक्षमताही घटत गेली. १९०४ मध्ये एडिसन यांनी उत्पादन थांबवले आणि विकलेला माल परत घेतला. त्याच वर्षी त्यांचा सहायक क्लॅरेन्स डॅली वारला. क्ष-किरणांच्या प्रयोगांत तो वर्षानुवर्षे स्वतःचे हात किरणांपुढे धरत असे. कातडी भाजली, कर्करोग झाला, दोन्ही हात कापावे लागले, तरी तो वाचला नाही. एडिसन यांनी क्ष-किरणांचे काम कायमचे सोडले. नव्या शोधाची किंमत कुणाच्या अंगावर वसूल होते, हे त्यांना घरातच दिसले होते. बॅटरी मात्र त्यांनी सोडली नाही.

सुधारलेली बॅटरी १९०९ मध्ये आली. ती आदळआपट सोसे, पूर्ण उतरली तरी बिघडत नसे. पण तोवर उशीर झाला होता. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर लागला, हँडल मारण्याची कटकट गेली आणि पेट्रोलच्या गाडीने बाजी मारली. थंडीत मलूल पडणारी एडिसन बॅटरी या कामालाही चालेना. तिला आसरा दिला रेल्वेच्या सिग्नलांनी आणि खाणकामगारांच्या टोपीवरच्या दिव्यांनी. उघड्या ज्योतीमुळे खाणीतला वायू पेट घेई. त्या स्फोटांत मरणारे किती जण या दिव्याने वाचवले असतील!

याच बॅटरीने माणसे मारलीही. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. जानेवारी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत ई-२ या पाणबुडीत हा वायू साचून स्फोट झाला, काही जणांचे प्राण गेले. एडिसन यांच्या कीर्तीला बसलेला हा मोठा धक्का.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी एडिसन गेले. अमेरिकेतले या बॅटरीचे उत्पादन १९७५ पर्यंत चालू होते. आता तिचे दिवस पुन्हा फिरले आहेत. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या संशोधकांनी तर तिचा जुना दोषच कामाला लावला. त्यांची निकेल-लोखंड बॅटरी वीज साठवते आणि पूर्ण भरली की हायड्रोजन इंधन तयार करते.

घरच्या सौर पॅनेलवर प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींनाही ती खुणावते. कित्येक दशकांपूर्वीचे घट द्रावण बदलताच पुन्हा चालू होतात, हे आकर्षण मोठे. तोटेही आहेत. एका घटातून जेमतेम १.२ व्होल्ट मिळतात, म्हणजे १२ व्होल्टसाठी दहा घट जोडावे लागतात. भरलेल्या विजेचा बराच भाग वाया जातो, डिस्टिल्ड वॉटर वरचेवर घालावे लागते. लिथियमसारखी ती भडकत नाही, पण बंद खोलीत चार्ज करणे धोक्याचेच. द्रावण हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. अल्कली डोळ्यात अ‍ॅसिडपेक्षाही खोल शिरते. उडालीच तर डोळा चोळू नये, पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धुवावा आणि लगेच रुग्णालय गाठावे.