फिलिप्पो ब्रुनेलेस्की आणि आपला चित्रकलेचा तास

आयटीतल्या मुलीने स्मरणिकेत कॉम्प्युटरवर लिहावे अशी अपेक्षा असणार. पण मी लिहिते आहे चित्रकलेच्या तासावर, आणि त्यानिमित्ताने सहाशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन माणसावर.

माझ्या बाकावरच्यांना आठवत असेल. एलिमेंटरीच्या तयारीत, मेमरी ड्रॉईंगला मी दूर जाणारा रस्ता काढला आणि कडेने विजेचे खांब उभे केले. खांब लहान होत गेले, पण दोन खांबांमधले अंतर शेवटपर्यंत पट्टीने मोजल्यासारखे सारखेच! सगळा वर्ग हसला. आपला हात चित्रकलेचा नाही, हे मी त्या दिवशी ठरवून टाकले. मागच्या वर्षी मुलीबरोबर पर्स्पेक्टिव्ह पहिल्यापासून शिकायला बसले, तेव्हा कळले की यात हातापेक्षा आपण कुठे उभे आहोत याचा संबंध जास्त. हे ज्याने प्रयोगाने दाखवले तो फिलिप्पो ब्रुनेलेस्की.

त्याचा जन्म १३७७ साली फ्लॉरेन्समध्ये झाला. वडील नोटरी, दस्तऐवज करणारे. मुलगा मात्र सोनारकाम शिकला. १४०१ मध्ये शहरातल्या बाप्तिस्म्याच्या अष्टकोनी इमारतीसाठी ब्राँझचे दरवाजे करायचे ठरले आणि त्यासाठी स्पर्धा लागली. ब्रुनेलेस्कीनेही नमुना केला. काम मिळाले लॉरेन्झो गिबर्टी या त्याच्याहून लहान कलाकाराला. दोघांचेही नमुने आज फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात आहेत. हरल्यावर ब्रुनेलेस्की शिल्पकार दोनातेल्लोबरोबर रोमला गेला आणि तिथल्या पडक्या प्राचीन इमारतींची मापे घेत राहिला, असे त्याचा चरित्रकार सांगतो.

पुढे त्याने एक प्रयोग केला, तोही त्याच इमारतीवर, जिचे दरवाजे त्याच्या हातून गेले होते. समोरच्या कॅथेड्रलच्या दारात, थोडे आत उभे राहून त्याने तिचे चित्र एका लहान चौकोनी फळीवर काढले. आकाशाच्या जागी चकाकणारी चांदी बसवली, म्हणजे खरे ढग त्यात दिसावेत. मग फळीला एक भोक पाडले. बघणाऱ्याने फळीच्या मागून भोकाला डोळा लावायचा आणि दुसऱ्या हातात आरसा धरून त्यात चित्र पाहायचे. आरसा बाजूला केला की समोर खरी इमारत, आणि दोन्ही जुळायची. भोक कशासाठी? तर बघणाऱ्याचा डोळा चित्रकाराच्याच जागी यावा म्हणून. जागा बदलली की चित्र बदलते.

या प्रयोगाच्या फळ्या आता उरलेल्या नाहीत. पण रीत पसरली. १४२७ च्या सुमारास मसाच्चोने चर्चच्या सपाट भिंतीवर कमानीची खोल खोली रंगवली. १४३५ मध्ये अल्बेर्तीने पर्स्पेक्टिव्हचे नियम पुस्तकात मांडले आणि त्याची इटालियन प्रत ब्रुनेलेस्कीलाच अर्पण केली. नियम थोडकेच आहेत. आपल्या डोळ्यांच्या उंचीवर क्षितिजरेषा आखा. आपल्यापासून सरळ दूर जाणाऱ्या समांतर रेषा तिच्यावरच्या एकाच बिंदूत मिळतात. उभ्या रेषा उभ्याच राहतात. आणि माझे खांब? पहिले दोन खांब काढा. पहिल्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या मध्यातून रेषा ओढा. ती जमिनीच्या रेषेला जिथे टेकेल, तिथे तिसरा खांब. चौथाही तसाच. अंतर आपोआप कमी होत जाते. शाळेत पाच मिनिटांत समजले असते!

ब्रुनेलेस्कीचे मोठे काम यानंतरचे. कॅथेड्रलचा प्रचंड घुमट बांधायचा होता आणि त्याला खालून लाकडी आधार देणे शक्य नव्हते. ते काम त्याने १४२० मध्ये सुरू केले. बरोबरीचा अधिकारी म्हणून नेमला गेला पुन्हा गिबर्टीच! पण घुमट आज ओळखला जातो तो ब्रुनेलेस्कीच्या नावाने. १४३६ मध्ये तो पूर्ण झाला. त्यावरचा कळस पुरा होण्याआधीच, १४४६ मध्ये ब्रुनेलेस्की वारला. त्याला त्याच कॅथेड्रलमध्ये पुरले आहे. हुकलेल्या दरवाजांची ती इमारत समोरच आहे.

मेळाव्याच्या दिवशी एक करा. शाळेच्या लांब व्हरांड्याच्या एका टोकाला उभे राहा आणि एक डोळा मिटा. छताची कड खाली उतरताना आणि फरशीची कड वर चढताना दिसेल, दोन्ही तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर भेटायला निघालेल्या. मग तिथेच खाली बसा आणि पुन्हा पाहा. क्षितिजरेषा तुमच्याबरोबर खाली येईल, खांब उंच होतील, व्हरांडा मोठा होईल. पाचवीत आलो तेव्हा शाळा आपल्याला साधारण याच उंचीवरून दिसत होती.

गुडघे साथ देत नसतील, तर उठायला हात द्यायला मी शेजारी असेनच.