फ्रेडरिक बूथ-टकर

फ्रेडरिक बूथ-टकर (२१ मार्च, इ.स. १८५३ – १७ जुलै, इ.स. १९२९) हे भारतात मुक्तिफौज या ख्रिस्ती संघटनेचे कार्य सुरू करणारे धर्मप्रचारक होते. त्यांचे मूळ आडनाव टकर असून त्यांचा जन्म बिहारमधील मुंगेर येथे झाला.

मुंबईतील कार्य

विल्यम बूथ यांच्या शिकवणुकीने प्रभावित होऊन त्यांनी पंजाबातील सनदी नोकरीचा राजीनामा दिला. १९ सप्टेंबर, १८८२ रोजी ते तीन सहकाऱ्यांसह मुंबईत उतरले. लोकांत मिसळता यावे म्हणून ते भगव्या वस्त्रांत अनवाणी फिरत, भिक्षेवर राहत. त्यांनी फकीरसिंग हे नावही घेतले. मिरवणुकांवरील बंदी मोडल्याबद्दल १८८३ मध्ये त्यांना कारावास भोगावा लागला. १८८८ मध्ये बूथ यांची कन्या एमा हिच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी बूथ-टकर हे जोडनाव धारण केले.

गुन्हेगार ठरविलेल्यांमधील कार्य

इ.स. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. १९०८ मध्ये गोरखपूर येथे डोम जमातीसाठी मुक्तिफौजेने वसाहत सुरू केली. शिक्षेपेक्षा काम, ममता व प्रार्थना यांनी माणूस पालटतो, अशी बूथ-टकर यांची धारणा होती. वसाहतींत शेती व विणकाम शिकविले जाई.

मूल्यमापन

त्यांची सेवावृत्ती निर्विवाद होती. तथापि वसाहतीतील रहिवाशांना परवानगीवाचून बाहेर जाता येत नसे; त्यामुळे हृदयपरिवर्तनाचा हा प्रयोग सक्तीच्या चौकटीतच राहिला. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर सोलापुरातही अशी वसाहत झाली; तो भाग आजही 'सेटलमेंट' म्हणून ओळखला जातो. हा कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला.