ज्या अक्षराने गुलामीतून वर काढलं, त्याच अक्षरापायी जीव गेला : बाळाजी आवजी चिटणीस

चीनमध्ये सुंदर अक्षर म्हटलं की चौथ्या शतकातल्या वांग शीझीचं नाव घेतात. त्याने इ.स. 353 मध्ये लिहिलेला लानतिंगचा लेख आज नकलांमधूनच पाहायला मिळतो, तरी त्याचा दबदबा कायम आहे.

आपल्याकडे अक्षरासाठी असं नाव झालं ते शिवरायांच्या चिटणिसांचं, बाळाजी आवजींचं.

त्यांचे वडील आवजी हरी चित्रे जंजिऱ्याच्या सिद्दीकडे दिवाण होते. सिद्दीची मर्जी फिरली, त्यांना ठार केलं आणि बायकोमुलांना गुलाम म्हणून विकायचा हुकूम सुटला. आईने गयावया करून गलबत राजापूरला लावायला लावलं. तिथे मामाने पैसे मोजून सगळ्यांना सोडवलं. पुढे याच राजापुरात महाराजांच्या नजरेत बाळाजींचं अक्षर भरलं.

ही हकिकत चिटणीस घराण्याच्याच बखरीतली, तीही सव्वाशेहून जास्त वर्षांनी लिहिलेली. तेव्हा थोडं मीठ लावूनच वाचायची.

त्या काळी राज्याचा पत्रव्यवहार मोडीत चाले. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जायचं. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. वेग आला की लिपी गिचमीड होते. वेगातही वाचता येईल असं वळण राखणं, हे चिटणिसाचं कसब.

महाराजांना एकदा त्यांनी चक्क कोऱ्या कागदावरून पत्र वाचून दाखवलं, ही आख्यायिका तर बहुतेकांनी ऐकली असेल. परत वाचायला सांगितलं तेव्हाही शब्द न शब्द तोच!

3 एप्रिल 1680 ला महाराज गेले. अण्णाजी दत्तो आणि काही मंत्र्यांना राजारामांना गादीवर बसवायचं होतं. संभाजीराजांना कैद करण्यासाठी पन्हाळ्यावर पत्र धाडायचं ठरलं आणि ते लिहायला बाळाजींना सांगितलं. त्यांचा हात कोण ओळखणार नाही? बखरीनुसार त्यांनी स्वतः बोरू धरला नाही, पत्र थोरल्या मुलाने, आवजीने लिहिलं.

त्याने काही वाचलं नाही. 1681 मध्ये दुसरा कट उघडकीस आला आणि अण्णाजींबरोबर या बापलेकांनाही हत्तीच्या पायी दिलं गेलं. बाळाजींची समाधी आपल्याच रायगड जिल्ह्यात, सुधागडाच्या परिसरात औंढे गावी आहे. पालीच्या बल्लाळेश्वराला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

पुढे संभाजी महाराजांनी चिटणिशी दिली ती त्याच घरात, बाळाजींचे दुसरे चिरंजीव खंडो बल्लाळ यांना.