गास्तों प्लांते: शिशाला चार्ज व्हायला शिकवणारा माणूस

रिसॉर्टमध्ये किंवा एखाद्या मोठ्या कॅम्पसमध्ये आवाज न करता फिरणारी गोल्फ कार्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. तिच्या सीटखाली बहुतेक वेळा शिशाच्या बॅटऱ्यांचा सेट असतो. ६ व्होल्टच्या ६ बॅटऱ्या जोडल्या की ३६ व्होल्ट होतात, ८ व्होल्टच्या ६ जोडल्या की ४८. हा सेट महाग असतो, म्हणून नवा बसवला की मालकाची अपेक्षा मोठी असते. पण पहिल्या काही दिवसांत गाडी म्हणावी तितकी पळत नाही. मग कोणी दुकानदाराशी भांडतो, कोणी बॅटरी पार उतरेपर्यंत गाडी दामटतो. इथेच नव्या सेटचं नुकसान सुरू होतं.

नवी शिशाची बॅटरी पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीची नसते, ती हळूहळू घडवावी लागते. ही गोष्ट १६० हून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका माणसाच्या लक्षात आली होती. आज त्याची ओळख करून घेऊ.

हाडं शोधणारा तरुण

गास्तों प्लांते यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातल्या ऑर्थेझ या गावी झाला. धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे नावाजलेला पियानोवादक झाला. गास्तों मात्र विज्ञानाकडे वळले. १८५४ मध्ये, विशीत असताना, पॅरिसच्या कला आणि हस्तउद्योग संस्थेत ते एदमों बेकरेल यांचे साहाय्यक म्हणून लागले. किरणोत्सर्ग शोधणारे आंरी बेकरेल हे याच एदमोंचे चिरंजीव.

प्लांते यांचं नाव पहिल्यांदा गाजलं ते मात्र विजेमुळे नाही. १८५५ मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदों इथे त्यांना एका प्रचंड, न उडणाऱ्या प्राचीन पक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्या पक्ष्याला त्यांच्याच नावावरून गॅस्टॉर्निस म्हणतात.

शिशाचे दोन पत्रे

त्या काळी वीज हवी असेल तर रासायनिक सेल वापरायचे. त्यात जस्त हळूहळू खाऊन जायचं आणि ते संपलं की सेलही संपला. उतरलेला सेल पुन्हा भरून वापरायची सोयच नव्हती.

प्लांते वेगवेगळ्या धातूंचे पत्रे आम्लात बुडवून त्यातून वीज सोडत होते. वीज बंद केल्यावर थोडा वेळ उलट दिशेने प्रवाह मिळतो, हे आधीपासून माहीत होतं. कोणत्या धातूत हा उलटा प्रवाह जास्त जोरदार आणि जास्त वेळ टिकतो, याचा ते शोध घेत होते. सोनं, चांदी, तांबं, प्लॅटिनम या सगळ्यांना मागे टाकून पहिलं आलं साधं शिसं.

१८५९ मध्ये त्यांनी शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, मध्ये वेगळं ठेवणारा थर घातला, गुंडाळी केली आणि ती पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ठेवली. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी ही पहिली बॅटरी. १८६० मध्ये अशा ९ सेलची बॅटरी त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली.

आतमध्ये काय होतं? चार्ज झाल्यावर एका प्लेटवर तपकिरी लेड डायऑक्साइड तयार होतं, दुसऱ्या प्लेटवर स्पंजासारखं शिसं. वीज वापरली की दोन्हींवर लेड सल्फेट बसतं आणि ॲसिड पातळ होतं. पुन्हा चार्ज केलं की सल्फेट विरघळून सगळं पूर्वपदावर येतं. आजच्या गोल्फ कार्टमध्ये आणि आपल्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतही हेच चालतं.

बॅटरी घडवण्याचे महिने

प्लांते यांची पहिली अडचण आजच्या मालकासारखीच होती. नवा सेल फारच थोडी वीज साठवायचा, कारण गुळगुळीत पत्र्याचा फक्त वरचा पातळ थर कामाला यायचा. पण चार्ज, डिस्चार्ज, विश्रांती, पुन्हा चार्ज असं करत राहिलं की थर जाड आणि सच्छिद्र होत जातो आणि साठवण वाढते, हे त्यांच्या ध्यानात आलं. मध्ये मध्ये ते चार्जिंगची दिशाही उलटी करायचे. (तुम्ही हे चुकूनही करू नका. आजच्या बॅटरीला उलटं कनेक्शन म्हणजे कायमचं नुकसान.) हे काम महिनोन्‌महिने चाले.

आजच्या प्लेटा कारखान्यातच बऱ्याचशा घडवलेल्या असतात, तरी शेवटचा हात वापरणाऱ्याला मारावा लागतो. सुरुवातीच्या काही डझन चार्जिंगमध्ये क्षमता वाढत जाते. म्हणून नव्या सेटसाठी एवढं करा:

- गोदामात पडून बॅटरी आपोआप थोडी उतरते. त्यामुळे पहिल्या फेरीआधी पूर्ण चार्ज करा.
- पहिले काही आठवडे फेऱ्या छोट्या ठेवा. निम्म्याच्या खाली बॅटरी उतरू देऊ नका.
- चार्जर लावला की तो स्वतः बंद होईपर्यंत काढू नका.
- नव्या सेटमध्ये जुनी बॅटरी मिसळू नका. एक कमजोर बॅटरी सगळ्यांना खाली ओढते.

बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी, हा समज शिशाच्या बॅटरीला लागू नाही. उलट ती जितकी खोल उतरेल तितकं तिचं आयुष्य कमी.

शोध होता, चार्जर नव्हता

प्लांते यांची बॅटरी चांगली होती, पण ती चार्ज करायची कशाने? त्याच जुन्या, जस्त खाणाऱ्या सेलनी! त्यामुळे बाजारात तिला फारशी मागणी आली नाही. प्लांते मात्र प्रयोग करत राहिले. तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेने मेणबत्ती पेटवणारं एक छोटं यंत्र त्यांनी बनवलं आणि त्याला शनीचं नाव दिलं, कारण युरोपातल्या जुन्या किमयागारांच्या लेखी शिसं हा शनीचा धातू. पुढे सुमारे ८०० सेल एकापुढे एक जोडून ते प्रयोगशाळेत विजेच्या लोळासारखे प्रकार करून पाहू लागले. वीस वर्षांचं हे काम १८७९ मध्ये त्यांनी ग्रंथरूपात मांडलं.

१८७० च्या दशकात डायनॅमो आला आणि चित्र पालटलं. १८८१ मध्ये गुस्ताव त्रूव्हे यांनी प्लांते पद्धतीच्या बॅटरीवर तीनचाकी गाडी पॅरिसच्या रस्त्यावर चालवून दाखवली. गोल्फ कार्टची पणजी म्हणा ना! त्याच सुमारास कामीय फोर यांनी शिशाच्या ऑक्साइडचा लेप पत्र्यावर लावायची युक्ती काढली. महिन्यांचं काम लवकर होऊ लागलं आणि कारखान्यांनी लेपाच्या प्लेटा उचलल्या.

प्लांते २१ मे १८८९ रोजी गेले, वयाच्या ५५ व्या वर्षी. ज्या म्यूदोंमध्ये त्यांना पक्ष्याची हाडं सापडली होती, तिथल्याच बेलव्ह्यू भागात त्यांचा शेवट झाला.

त्यांच्या रसायनाचे नियम आजही तेच

लेप नवा आला, चार्जर हुशार झाला, पण रसायन बदललेलं नाही. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की सल्फेटचे स्फटिक कडक होतात आणि मग चार्जिंगनेही विरघळत नाहीत. सुट्टीवर जाताना उतरलेली कार्ट तशीच सोडणं ही बॅटरी मारण्याची सर्वात सोपी पद्धत. म्हणून वापर झाला की त्याच दिवशी चार्जिंग.

चार्जिंगच्या शेवटी पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. त्यामुळे जागा हवेशीर हवी आणि जवळ काडी-सिगारेट नको. पाणी कमी होतं म्हणून महिन्यातून एकदा तरी झाकणं उघडून बघा, गॉगल आणि हातमोजे घालूनच. फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका, तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील इतकं टाका. ॲसिड कधीही टाकू नका, कारण ते उडून जात नाही, जातं ते पाणी.

तेव्हा नवी बॅटरी पहिल्या आठवड्यात कमी पडली तर लगेच खराब समजू नका. आधी तिला नीट घडू द्या. एवढं करूनही महिना-दोन महिन्यांत ताकद वाढली नाही, तर मात्र वॉरंटी कार्ड काढा.