डहाणूचा ‘रोड’ आणि कर्नल केनेडी

डहाणू हे मूळ गाव खाडीच्या मुखाशी, समुद्राच्या काठी वसलेले आहे. रेल्वेचे स्थानक मात्र तेथून पूर्वेस, थोडे आत पडले. गावापासून दूर असलेल्या स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द जोडण्याची त्या काळच्या रेल्वे कंपन्यांची पद्धत होती. उंबरगाव रोड, नाला सोपारा ओलांडून वसई रोड, ही सर्व त्याच पद्धतीची नावे होत. डहाणूच्या बाबतीत हा शब्द इतका रुळला, की स्थानकाभोवती वाढलेली बाजारपेठ हेच एक निराळे गाव झाले आणि बाहेरून आलेला व्यापारी, बागायतदार, कारकून या ‘रोड’वरच स्थायिक झाला. हा लोहमार्ग २८ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पूर्ण झाला. तो किनाऱ्यानेच जावा आणि खाड्या ओलांडूनच जावा, असा आग्रह धरणारे गृहस्थ म्हणजे लेफ्टनंट कर्नल जॉन पिट केनेडी होत.

केनेडी यांचा जन्म ८ मे १७९६ रोजी आयर्लंडच्या उत्तर टोकाला, डोनेगॉल परगण्यातील कार्नडोना या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. लंडनडेरीच्या फॉइल कॉलेजात आणि पुढे वुलिचच्या सैनिकी विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १८१५ साली, म्हणजे वॉटर्लूची लढाई झाली त्याच वर्षी, ते रॉयल इंजिनिअर्स या तुकडीत दाखल झाले. युद्ध संपले होते. तरुण अभियंत्यांच्या वाट्याला तोफखान्याऐवजी बंदरे, कालवे व रस्ते आले. केनेडी यांना त्याचे दुःख झाल्याचे दिसत नाही. बांधकाम हाच त्यांचा खरा पिंड होता.

१८१९ साली त्यांना माल्टा येथे व तेथून भूमध्य समुद्रातील आयोनियन बेटांवर पाठविण्यात आले. त्यांपैकी सेफालोनिया या डोंगराळ बेटाचा कारभार १८२२ पासून चार्ल्स नेपियर यांच्याकडे होता. पुढे १८४३ साली सिंध प्रांत जिंकणारे नेपियर ते हेच. नेपियर यांनी सार्वजनिक बांधकामाची सूत्रे केनेडी यांच्या हाती दिली. ज्या बेटावर खेचराच्या पायवाटेपलीकडे दळणवळण नव्हते, तेथे डोंगराच्या कडेने वळणे घेत जाणारे रस्ते झाले, धक्के झाले, दीपगृह झाले. चढ सौम्य ठेवण्यासाठी मार्ग लांबला तरी चालेल, हा धडा केनेडी तेथे शिकले आणि तो त्यांनी जन्मभर सोडला नाही.

आयर्लंडला परतल्यावर त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. आयर्लंडमधील बहुतेक जमीन त्या वेळी मोठ्या जमीनदारांची होती, त्यांतले कित्येक इंग्लंडमध्ये राहत. शेत कसणारा माणूस कूळ होता. खंड चुकला की त्याला घराबाहेर काढले जाई. त्याने जमीन सुधारली, निचऱ्याचे चर खणले, तर पुढच्या वर्षी खंड वाढे. या दुष्टचक्राला उत्तर म्हणून केनेडी यांनी स्वतः जमीनदारीचा कारभार हाती घेऊन सुधारित शेतीचे प्रयोग केले. १८३५ मध्ये त्यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. आयरिश शेतकऱ्याला फाशीचा धाक दाखविण्यापेक्षा त्याला शिक्षण व काम द्यावे, असा तिचा रोख होता. १८३७ साली राष्ट्रीय शिक्षण खात्यात त्यांची नेमणूक झाली. प्रत्येक भागात शेतीची शाळा असावी, ही त्यांची योजना होती. वरिष्ठांचे पाठबळ न मिळाल्याने १८३९ मध्ये त्यांनी ते पद सोडले.

मग १८४३ साली डेव्हनचे अर्ल यांच्या अध्यक्षतेखाली आयर्लंडमधील कूळ व जमीनदार यांच्या संबंधांची चौकशी करणारा आयोग नेमला गेला, आणि केनेडी त्याचे सचिव झाले. अकराशेहून अधिक साक्षी नोंदविण्यात आल्या. कुडाच्या झोपड्या, बटाट्यावर काढलेले दिवस, बेदखल झालेली कुटुंबे, वाढता खंड हे सारे त्या जाडजूड खंडांतून नोंदले गेले. १८४५ च्या फेब्रुवारीत अहवाल सादर झाला. त्याच वर्षी बटाट्यावर रोग पडला आणि आयर्लंडचा महादुष्काळ सुरू झाला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. दुष्काळ निवारणाच्या कामातही केनेडी होतेच. कुळाची दैना इतक्या जवळून, इतक्या तपशिलाने पाहिलेले रेल्वे अभियंते जगात फार थोडे असतील. पुढील कथा वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

१८४९ साली नेपियर हिंदुस्थानचे सरसेनापती झाले आणि त्यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्याला लष्करी सचिव म्हणून सोबत आणले. लॉर्ड डलहौसी यांच्या आज्ञेने १८५० मध्ये मैदानातून सिमल्यावरून तिबेटच्या सीमेकडे जाणारा हिंदुस्थान-तिबेट रस्ता हाती घेण्यात आला. त्याची आखणी व देखरेख केनेडी यांच्याकडे होती. (सिमल्यात पहिले पक्के घर बांधणारे केनेडी ते दुसरे, कॅप्टन चार्ल्स प्रॅट केनेडी, या दोघांची नेहमी गल्लत होते.) डोंगरी संस्थानांतील प्रजेकडून साहेबांचे सामान वाहून घेण्याची बेगार पद्धत होती. चांगला रस्ता झाला म्हणजे खेचरे व गाड्या चालतील आणि ही बेगार थांबेल, हा त्या रस्त्याचा एक घोषित हेतू होता. परंतु रस्ता खोदण्यासाठी माणसे मागविली गेली ती त्याच संस्थानांकडून. हेतू आणि साधन यांतील ही विसंगती त्या काळी फारशी कोणाला बोचली नाही.

नंतर केनेडी हिंदुस्थान सरकारचे रेल्वेविषयक सल्लागार अभियंता झाले. येथे त्यांचे सरकारशी मतभेद झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनी मुंबईहून थेट सह्याद्रीला भिडत होती. बोरघाटाचा चढ सदतिसास एक इतका तीव्र ठेवावा लागला आणि खंडाळ्याजवळ गाडी उलट फिरविण्याचे स्थानक करावे लागले. केनेडी यांना हा मार्गच चुकीचा वाटे. लोहमार्गाने किनारा आणि नद्यांची खोरी धरावीत, मुंबईहून सपाटीने सुरतेस जावे व तेथून तापीच्या खोऱ्यातून वर चढावे, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. घाट फोडला गेला, आणि तो यशस्वी झाला हेही खरे. मात्र किनाऱ्याच्या मार्गाचा आग्रह केनेडी यांनी सोडला नाही. १८५५ साली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनी लंडनमध्ये स्थापन झाली ती मुख्यतः त्यांच्या खटपटीने. तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते.

किनाऱ्याला चढ नाही, पण पाणी आहे. वसईची खाडी, वैतरणा, दमणगंगा, तापी, नर्मदा आणि त्यांच्यामधल्या असंख्य लहान खाड्या, सगळ्यांचा तळ चिखलाचा. दगडी खांबांना पाया मिळणे कठीण होते. केनेडी यांनी यावर एकच ठरावीक नमुना योजला. साठ फूट गाळ्याची लोखंडी त्रिकोणी जाळीची तुळई विलायतेत तयार करावयाची, जहाजाने आणावयाची आणि लोखंडी खांबांवर चढवावयाची. खांबांच्या टोकाला स्क्रूप्रमाणे पाते असे. तो पिळत पिळत चिखलात उतरविला जाई. ही स्क्रू खांबांची युक्ती बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेल यांची. विशेष म्हणजे मिचेल हे दृष्टिहीन होते. लहान खाडीला चार गाळे, मोठ्या नदीला साठ-सत्तर, नमुना तोच. त्यामुळे काम झपाट्याने झाले. १० फेब्रुवारी १८६० रोजी अंकलेश्वर ते उत्राण हा पहिला टप्पा खुला झाला आणि पावणेपाच वर्षांत गाडी मुंबईत पोहोचली. नर्मदेच्या पुराने मात्र या हलक्या पुलाचे गाळे पुन्हा पुन्हा वाहून नेले, आणि अखेर १८८१ साली भडोचजवळ नवा भक्कम पूल उभारावा लागला.

डहाणूपुरते पाहिले, तर १८६४ पूर्वी मुंबईला जाणे म्हणजे पडावातून, वारा असेल तसे. पावसाळ्याचे चार महिने तेही बंद. गाडी सुरू झाल्यावर सव्वाशे किलोमीटरवरचे शहर एका दिवसाच्या आत आले. मुंबईत घोडे होते, म्हशींचे तबेले होते. त्यांना गवत लागत असे. डहाणू-उंबरगावच्या माळांवरचे गवत कापून, दाबून, गासड्या बांधून वाघिणींतून जाऊ लागले. जंगलातील लाकूड, कोळसा, भात यांच्या वखारी स्थानकालगत उभ्या राहिल्या. आशागड, चारोटी, कासा या बाजूने जव्हारकडे जाणारी बैलगाड्यांची वाट या वखारींशीच येऊन मिळे. गुजरातेतून व राजस्थानातून वाणी, मारवाडी आले. त्यांत जैन कुटुंबेही होती. पारशी होतेच, इराणी आले आणि त्यांनी घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात चिकूच्या वाड्या फुलविल्या. त्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हातात लोटा घेऊन आलेल्या माणसाने कष्टाने पेढी उभारल्याच्या कथा येथील घराघरांत सांगितल्या जातात आणि त्या खोट्या नाहीत.

परंतु गोष्टीला दुसरी बाजू आहे. जी जमीन विकत घेतली गेली, गहाण पडली किंवा खावटीच्या बाकीपोटी सुटली नाही, ती वारली, धोडी, दुबळा या लोकांची होती. जंगलावर १८७८ च्या कायद्याने सरकारी पहारा बसला. दोन-तीन पिढ्यांत मूळचा शेतकरी स्वतःच्याच शिवारात कूळ झाला. मालकाकडे बिनमोल वेठ आली, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी आले. १९३८ च्या सुमारास सरकारी अधिकारी सिमिंग्टन यांनी या प्रदेशाची पाहणी केली, तेव्हा त्यांनी नोंदविलेले चित्र डेव्हन आयोगाच्या साक्षींहून फार निराळे नव्हते. सगळेच मालक निर्दय होते असे नाही. पण व्यवस्थाच अशी होती, की चांगला मालक हा कुळाचा हक्क नसून केवळ नशीब असे.

केनेडी यांनी हे पाहिले नाही. कंपनीच्या कामाशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत राहिला आणि २८ जून १८७९ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. आयरिश कुळांना जमिनी विकत घेण्याची खरी वाट १९०३ च्या कायद्याने मोकळी झाली. डहाणू-तलासरीत त्याला आणखी बराच अवधी लागला. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी येथे शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने सुमारे पाच हजार वारली जमले आणि वेठ व लग्नगडी या दोन्ही प्रथा झुगारून देण्याचे ठरले. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीवरून संप झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मरण पावले. १९४८ साली मुंबई कूळ कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणाऱ्याचा जमिनीवरील हक्क कायद्याने मान्य झाला. त्या सुमारासही गवताच्या गासड्या डहाणू रोडच्या धक्क्यावरूनच मुंबईला जात होत्या.