अल्बर्ट आइन्स्टाइन : एका वर्षाची शिदोरी

थोर शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन शाळेत गणितात नापास झाले होते, अशी गोष्ट आपल्याकडे नेहमी सांगितली जाते. ती खरी नाही. गणित हा त्यांचा लहानपणापासूनचा आवडता व पक्का विषय. मात्र एका नामांकित संस्थेच्या प्रवेश परीक्षेत त्यांना अपयश आले, हे खरे आहे. ते अपयश व त्यानंतरचे एक वर्ष यांची हकिगत पालकांनी आणि शिक्षकांनी जाणून घेण्यासारखी आहे.

आइन्स्टाइन यांचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. पुढच्याच वर्षी कुटुंब म्युनिकला आले. तेथे वडील व काका मिळून विजेच्या सामानाचा कारखाना चालवीत. १८९४ साली धंदा बुडाला आणि कुटुंब इटलीत गेले. शिक्षण पुरे व्हावे म्हणून पंधरा वर्षांच्या अल्बर्टला मागे ठेवण्यात आले. परंतु शाळेतील करडी शिस्त आणि घोकंपट्टी त्याला मानवेना. त्याच डिसेंबरात शालान्त प्रमाणपत्र न घेताच तो आईवडिलांकडे निघून गेला.

आता उच्च शिक्षण घ्यावे कसे? स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश परीक्षा देऊन जाण्याची सोय होती. तेथे प्रवेशाचे वय साधारणपणे अठरा, तर अल्बर्ट अवघा सोळा वर्षांचा. घरच्या एका स्नेह्याने शब्द टाकल्यामुळे त्याला खास परवानगी मिळाली आणि १८९५ च्या ऑक्टोबरात तो परीक्षेस बसला. गणित व भौतिकशास्त्रात त्याने उत्तम गुण मिळविले. भाषा व इतर सामान्य विषयांत मात्र तो कमी पडला. प्रवेश मिळाला नाही.

तथापि परीक्षकांनी त्याला नुसते परत पाठविले नाही. झुरिचला राहणार असशील तर माझ्या व्याख्यानांना येऊन बस, असे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक वेबर यांनी सुचविले. संचालक हेरझोग यांनी आराऊ गावच्या शाळेत राहिलेले शिक्षण पुरे करण्याचा सल्ला दिला. नियम त्यांनी सैल केला नाही. पण मुलाचा हुरूपही खचू दिला नाही.

आराऊच्या शाळेवर पेस्तालोत्सी या शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांची छाप होती. मुलाने स्वतः पाहावे, स्वतः विचार करावा, अशी तेथील रीत. अल्बर्ट तेथील शिक्षक विंटेलर यांच्या घरी राहिला व घरचाच होऊन गेला. प्रकाशाच्या किरणामागे त्याच वेगाने धावलो तर काय दिसेल, हा प्रश्न त्याला पडला तो याच दिवसांत. पुढील सापेक्षता सिद्धांताचे बीज त्यात होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये तो शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला. बीजगणित, भूमिती, भौतिकशास्त्र व इतिहास यांत ६ पैकी ६ गुण. फ्रेंचमध्ये केवळ ३. म्हणजे गुणपत्रिका तेव्हाही समतोल नव्हतीच. परंतु प्रमाणपत्र हाती होते, आणि झुरिचचे दार उघडले.

पुढील वाटही सोपी नव्हती. १९०० साली पदवी मिळूनही अध्यापनाची कायम जागा मिळाली नाही. १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी लागली. तेथे असतानाच १९०५ साली त्यांनी सापेक्षता सिद्धांत मांडला. ज्या संस्थेने एकदा प्रवेश नाकारला होता, तिनेच १९१२ मध्ये त्यांना प्राध्यापक म्हणून बोलाविले. पुढे १९२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. १८ एप्रिल १९५५ रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

प्रत्येक मूल आइन्स्टाइन होणार नाही. पण गणितात चमकणारी आणि इंग्रजीत अडखळणारी मुले-मुली आपल्याही शाळांतून आहेत. निकालानंतर अशी कित्येक मुले शिक्षण सोडून दुकानात वा कारखान्यात जातात, मुली घरी बसतात. ज्याला प्रवेश देता येत नाही त्याला पुढची वाट दाखविणे, हेही शिक्षणसंस्थेचेच काम आहे. हेरझोग यांनी ते केले. आपल्या शिक्षकांनी व पालकांनी अशा मुलाला एक वर्ष आणि योग्य शाळा मिळवून दिली, तर इल्मची मोठी सेवा घडेल.